ओढ्याकाठचं गवत

"शेतातलं खत ओढ्यात वाहून जाऊ नये म्हणून काठाला गवत लावा, असं आम्ही गेल्या वर्षी सांगितलं होतं. आता सांगा काका, लावलंत ते कशामुळे?" कृषी खात्याकडून पाहणीला आलेल्या मुलीने बांधावर बसत विचारलं.

सर्जेरावांनी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. तिथे चुलतभाऊ दिनकरचं गवत पुरुषभर वाढलं होतं आणि ते खाऊन त्याची म्हैस अशी तुकतुकीत झाली होती, की बघूनच सर्जेरावांच्या पोटात दुखायचं. म्हणून तर त्यांनीही घाईघाईने लावलं. पण भावकीतली ही जळजळ पोरीला कशी सांगायची?

"पाणी स्वच्छ राहावं म्हणून," ते म्हणाले.

"दिनकरकाका तर सकाळी म्हणाले, तुमच्यामुळे लावलं! गेल्या वर्षी तुम्ही मला 'लावणार' म्हणालात, ते त्यांनी पलीकडून ऐकलं होतं. म्हणे, सर्जाच्या आधी माझं उगवलं पाहिजे."

गेल्या वर्षी सर्जेराव 'लावणार' म्हणाले होते, ते निव्वळ या पोरीला वाटेला लावायला.

"बरं, पुढच्या वर्षी काय करणार?"

पलीकडे दिनकर कापणी थांबवून कान टवकारून उभा होता. सर्जेरावांनी घसा खाकरला आणि त्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "पुढच्या वर्षी कशाला? उद्याच ओढ्याकाठचा उकिरडा उचलून लांब नेणार!"

मुलीचं लिहून व्हायच्या आत पलीकडे दिनकरच्या उकिरड्यावर घमेलं वाजलं. सर्जेराव ताडकन उठले. "बाकीचं उद्या विचार, पोरी," म्हणत ते फावडं शोधायला धावले.