बाबांसाठी पाहून ठेवलेली जागा

वर्षाराणीनं मडकं सोडलं नाही.

पैनगंगेचं पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. मडक्यावरचं पांढरं फडकं वाऱ्यानं हलत होतं. समोर ग्यानबाकाका दोन्ही हात पुढे करून उभे होते. काठावरच्या दगडावर तिची आई, प्रयागबाई, बसली होती. बायका अस्थी पाण्यात शिरवायला जात नाहीत, असं कोणी म्हणायच्या आतच आई जीपमध्ये जाऊन बसली होती.

"दे बाई," काका म्हणाले.

"मले बाबाले काकिनाड्याले न्यायचं हाये, काका."

"कुठी?"

"माह्या नोकरीच्या गावाले. समुद्राले."

काकांनी हात खाली घेतले. "आपले सारे म्हातारे याच पाण्यात गेले, पोरी. अन् समुद्राचं पाणी खारं. डॉक्टरनं भाऊचं मीठ बंद केलं होतं, इसरली काय?"

कोणी हसलं नाही. आपण काय बोललो, हे काकांनाही जरा उशिराच कळलं.

तिच्या बाबांनी, बबनरावांनी, समुद्र पाहिला नव्हता. आसेगावच्या शेतानं त्यांना कधी सवड दिली नाही, आणि दिली तेव्हा गुडघे गेले होते. पण मुलगी बँकेत लागली, आंध्रात पार समुद्राकाठी जाऊन राहिली, तेव्हा त्यांनी मनावर घेतलं. सोयाबीन घरात आलं की निघायचं ठरलं. दोघांची तिकिटं निघाली. मग रोज संध्याकाळी फोन.

"ऊन लय राह्यते म्हणतात तिकडं. बसाले सावली भेटते काय वं? अन् वाळूत काठी रुतत असन ना?"

मग वर्षाराणी भेटेल त्याला विचारत सुटली. घरमालकीण म्हणाली, उप्पाड्याच्या किनाऱ्यावर पहाटेच न्या, नावा परत येतात तेव्हा. ऊन चढलं की वाळू पाय ठेवू देत नाही. बँकेतला शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, कोरिंगाच्या खारफुटीत लाकडी वाट आहे, काठी टेकत जाता येतं. मिठाईवाल्यानं बजावलं की इथला काजा खाली वाकून खायचा, आत पाक भरलेला असतो, नाही तर सदरा जातो. सांगितलेलं सगळं ती आधी स्वतः पाहून येई. पायऱ्या किती उंच आहेत, टेकायला कठडा आहे का, जवळपास पाणी मिळतं का. दोन वर्षं त्या गावात काढून तिनं जे पाहिलं नव्हतं, ते तिनं बाबांच्या गुडघ्यांनी पाहिलं.

बँकेचा पहारेकरी अप्पाराव शेवटी म्हणाला, "बाकी राहिलं तरी चालेल, मॅडम. वडिलांना गोदावरीच्या मुखाशी न्या. दिवस कलताना. नदी समुद्राला भेटते तिथं पाणी दोन रंगांचं दिसतं."

ती रविवारी गेली. एक बांध सापडला. वाळू नाही, ताडाची सावली, समोर पाणीच पाणी. तिथूनच तिनं फोन लावला. "बाबा, तुमची जागा पाहून ठेवली."

त्याच आठवड्यात बबनराव शेतातून आले, खाटेवर टेकले आणि उठले नाहीत.

प्रयागबाई रडली, आणि काल रात्री भिंतीकडे पाहत म्हणाली, "माहं तिकीट वापस करून टाक. हे होते म्हणून येत होतो. मले एकटीले कायचा समुद्र?"

वर्षाराणीला आईचा स्वभाव माहीत होता. आता ती उंबऱ्याआत बसली की बसली. म्हणून तर हे मडकं सुटत नव्हतं. मडकं समुद्राला गेलं, तर आई त्याच्यामागं येईल.

"उन्हं वर येऊन राह्यली," काका हळूच म्हणाले.

दगडावरून प्रयागबाईनं विचारलं, "हे पाणी कुठी जाते वं?"

"पैनगंगा पुढं वर्धा नदीले मिळते, माय."

"अन् थे?"

"थे पुढं जाऊन गोदावरीले."

"अन् गोदावरी?"

वर्षाराणीनं खाली पाण्याकडे पाहिलं. नकाशात ही नदी तिनं शाळेत कितीदा गिरवली होती. पोटऱ्यांवरून पाणी सरसर पुढे चाललं होतं.

"माय," ती म्हणाली, "मी बाबासाठी जागा पाह्यली ना. तिथंच."

प्रयागबाई उठली, लुगडं वर खोचलं आणि पाण्यात आली. लेकीच्या हातातलं मडकं तिनं घेतलं, फडकं स्वतः सोडलं आणि मडकं पाण्यालगत कलतं केलं. राख पसरली. एका खडकाशी अडली, गोल फिरली, मग वाट काढून निघाली.

कुठंही जायचं म्हटलं की बबनराव गाडीच्या कितीतरी आधी फाट्यावर जाऊन उभे राहत. प्रयागबाई कुलूप लावी, गॅस बंद केला का ते पाहायला पुन्हा उघडी, तुळशीला पाणी घाली, मग निघे. लग्न झाल्यापासून ते पिशवी धरून तिची वाट पाहत आले होते. एकदाही तिला टाकून गाडीत चढले नव्हते.

राख वळणाआड गेली. प्रयागबाईनं हात धुतले, पदराला पुसले.

"माहं तिकीट राहू दे, वर्षा," ती म्हणाली. "हे निघाले पुढं. तिथं उभे राह्यतीन वाट पाहत."