तारेतला बेदाणा

साठीला आलेल्या मालिनीबाईंनी दातांना तारा बसवून घेतल्या, तेव्हाच मी बजावलं होतं, "शुगर वाढली तर हाड साथ देणार नाही. दात सरकायचे सोडून खिळखिळे होतील."

आज बघतो तर हिरड्या सुजलेल्या, दात हलताहेत.

"गोळ्या चुकवता?"

"एकही नाही."

"मग गोड खाता!"

"छे हो डॉक्टर! घरात साखरेचा डबासुद्धा ठेवत नाही."

मी चिमट्यानं तारेत अडकलेला तुपकट बेदाणा काढून त्यांच्यासमोर धरला.

"हा होय? सत्यनारायणाच्या शिऱ्यातला. प्रसाद काय गोडात धरतात?"

"रोज सत्यनारायण?"

"श्रावणात आमच्या सोसायटीत रोज कुणाकडे तरी असतोच. नाही कसं म्हणणार? वाढणाऱ्या बाई फार आग्रह करतात."

माझा पारा चढला. "डायबेटिसच्या पेशंटला आग्रह? कोण त्या बाई? चांगलं झापतो त्यांना!"

बाईंनी शांतपणे तोंड पुसलं.

"झापा की, घरी गेल्यावर. तुमच्या आईच त्या, आमच्या सोसायटीत रोज वाढायला येतात. त्यांनाही शुगर आहे ना? त्याच म्हणाल्या, 'आमच्या मुलासमोर जाण्याआधी खळखळून चूळ भरायची.' त्या बरोब्बर भरतात. आज मीच विसरले."