प्रिंटरचा मदतनीस

"बाबा, खुर्चीत तुम्ही बसा," सून म्हणाली. "मी सांगते तसं करा."

सासरे दारातच घुटमळले. आठवडाभर त्यांनी कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं. मागच्या रविवारी मुलानं भर जेवणात सुनावलं होतं, "तुमच्या त्या बुद्धिबळानं मशीनच्या स्पीडची पार वाट लावलीय. हिचं काम अडतंय, कळतं का?" बुद्धिबळ त्याच संध्याकाळी काढून टाकलं गेलं.

तिकडे अंथरुणाला खिळलेला जुना मित्र रोज दुपारी स्क्रीनवर डाव मांडून वाट बघायचा. त्याला त्यांनी फोनवर सांगितलं, डोळे दुखतात रे. या वयात खोटं बोलावं लागलं, याची त्यांना फार लाज वाटत होती.

"नको गं. आधीच घोळ घालून ठेवलाय मी."

"कोणी घातलाय ते बघू की. बसा."

सोफ्यावर लोळत मोबाइल बघणारा मुलगा उठून बसला. "त्यांना कशाला त्रास? मी बघतो ना दुपारी. सगळं पुसून नव्यानं टाकतो."

"तुझी दुपार काही उजाडत नाही," सून म्हणाली.

कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत सासऱ्यांचा चष्मा दोनदा पुसून झाला.

"बुद्धिबळ काढलं, तरी फरक पडला का?" सुनेनं विचारलं.

"नाही पडला," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मी कायमचंच बिघडवलंय."

सुनेनं सांगितली तशी तीन बटणं त्यांनी एकदम दाबली. चालू असलेल्या प्रोग्रॅमची यादी आली.

"सगळ्यात जास्त मेमरी कोण खातंय?"

ते स्क्रीनजवळ वाकले. "प्रिंटरचा मदतनीस." मग थांबून म्हणाले, "पण आपल्याकडे प्रिंटर कुठाय?"

"तेच म्हणते मी. मालक नाही आणि नोकर घरभर जेवतोय."

"सिस्टिमचं असतं ते," मुलगा म्हणाला. "हात लावू नका बाबा, सगळंच बंद पडेल."

सासऱ्यांनी चटका बसावा तसा माउसवरचा हात काढला.

"काही बंद पडत नाही. त्याच्यावर राइट क्लिक करा, आणि ती फाइल कुठे ठेवलीय ते उघडा."

मुलगा खुर्चीमागे आला. "उठा बाबा, मी करतो." त्याचा खांद्यावरचा हात घामेजला होता. आपल्यावर एवढाही भरवसा उरला नाही, या विचारानं सासरे खाली मान घालून उठू लागले.

"बसा, बाबा," सून म्हणाली, आणि ते बसले.

फोल्डर उघडला. आत फोटोच फोटो, खाली सरकवून संपेनात. सगळे याच स्क्रीनचे. सुनेची ऑफिसची मेल, तिच्या आईशी झालेल्या गप्पा, मैत्रिणीजवळ मोकळं केलेलं मन.

"हा मदतनीस दर मिनिटाला स्क्रीनचा फोटो काढून ठेवतो," सून म्हणाली. "मग कॉम्प्युटर पळणार कसा?"

सासऱ्यांच्या कानशिलांना घाम फुटला. "देवाशपथ सांगतो, मी मुद्दाम नाही केलं. डाव खेळताना काहीतरी भलतंच दाबलं गेलं असणार. तुझं खासगी... एक अक्षर वाचलं नाही मी." ते मुलाकडे वळले. "तू तरी सांग रे हिला."

मुलानं जमिनीकडे बघत घसा साफ केला.

"होतं असं," तो म्हणाला. "त्यांच्या वयाला कळत नाही गं. जाऊ दे, नको त्यांना बोलूस."

सासऱ्यांनी मान हलवली. मुलानं आपल्याला सांभाळून घेतलं, यानंच त्यांना भरून आलं.

"नाही बोलत," सून म्हणाली. तिनं त्यांचा हात उचलून पुन्हा माउसवर ठेवला. "फक्त एक करा, बाबा. आज सकाळचा पहिला फोटो उघडा. तुम्ही दोघं झोपला होतात तेव्हाचा."

त्यांनी क्लिक केलं. कोरं पान, त्यावर मोठ्या अक्षरात दोन ओळी. सवयीप्रमाणे त्यांनी त्या मोठ्यानं वाचल्या.

"बघून झालं असेल तर हे काढून टाक. आणि पकडला गेलास, तर निदान या वेळी बाबांचं नाव पुढे करू नकोस."