एआयला न सुचणारा प्रश्न

प्राचार्यांच्या केबिनमधून इतिहासाचे सर थेट वर्गावर आले आणि सगळ्यांचे मोबाइल त्यांनी टेबलावर जमा करून घेतले.

"निबंध तुम्ही एआयकडून लिहून घेता, आणि तो माझ्यापेक्षा बरा लिहितो. तेव्हा आज उत्तरं नकोत. त्याला सुचणार नाही असा एक प्रश्न प्रत्येकाने मला विचारायचा. हाच तुमचा पेपर."

वर्गाच्या तोंडचं पाणी पळालं. साम्राज्यं का कोसळतात, महायुद्ध टळलं असतं का, जो तो सुचेल ते विचारू लागला. "हे त्यालाही सुचतं. पुढचा," म्हणत सर शून्यावर शून्य देत निघाले. त्यांचा आवाज चढतच होता.

शेवटी मागच्या बाकावरच्या कुंभकर्णाला शेजाऱ्याने ढोसून उठवलं. तो डोळे चोळत सरांकडे बघत राहिला.

"सर, रोज मी झोपलो की तुम्ही खडू फेकून मारता. आज तो नुसता हातात धरून बसलात. प्राचार्य काय म्हणाले? आपला विभाग बंद होतोय का?"

सरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि खडू हलकेच टेबलावर ठेवला.