दोन घंटा

दवाखान्याच्या गाडीत मागं बसलेल्यानं ड्रायव्हरला काही सांगायचं तर दोरी ओढून घंटा द्यायची, असा नियम होता. एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे पेशंटला हादरे बसतायत, हळू घ्या.

तामलवाडीची धुरपदाबाई अडलेल्या सुनेला घेऊन गाडीत बसली, तेव्हा वजीर ड्रायव्हरनं तिच्या हातात नुसती दोरी दिली. नियम सांगायला कितीसा वेळ लागला असता? तिला आपली एसटीची घंटा ठाऊक. दोन म्हणजे चला. तुळजापूरच्या घाटात ती दोन-दोन घंटा देत राहिली, आणि वजीर गाडी हळू, अजून हळू करत गेला. सून वाटेतच गेली.

तेव्हापासून रिकामी गाडी घाटाला लागली, तरी दोन घंटा वाजत. वजीरनं दोरी कापून टाकली, तरी वाजत.

आज मात्र घंटा वाजताच त्यानं रिकामी गाडी पळवली. "नेतो, माय, नेतो," असं पुटपुटत थेट उस्मानाबाद गाठलं. दवाखान्याच्या दारात एकच घंटा वाजली.

घंटा ऐकून आया कडूबाई लगबगीनं आली, मागचं दार उघडून आत वाकली.

"वजीरभाई, बाळंतीण कुठं उतरवली?" तिनं विचारलं. "सतरंजी अजून ऊन-ऊन हाय."