मालवणच

"मालवणच," मंजुळाबाई म्हणाल्या आणि चहाची कपबशी त्यांनी नवऱ्यापुढे ठेवली.

"गणपतीपुळ्याले जाऊ ना," पुंजाजी म्हणाले. "देवही होते अन् समुद्रही होते."

"देव आपल्या शेगावात आहे. मले समुद्र पाह्यचा आहे."

"मंग अलिबागले जाऊ. तिथं काय समुद्र नाही?"

"मालवणच."

जानेफळच्या त्या घरात चाळीस वर्षांत मंजुळाबाईंनी असा हट्ट कधी धरला नव्हता. सोयाबीन घरात आलं होतं, तूर फुलावर होती. आठ दिवस घर सोडलं तर काही अडणार नव्हतं. तरी पुंजाजी एकेक कारण काढत राहिले. तिकडे उकाडा लय. जेवणात जिकडेतिकडे मासे. बसमध्ये तुह्ये गुडघे आखडतीन.

"तुम्ही दरसाल कोल्हापूरले अवजारांचं प्रदर्शन पाहाले जाता," मंजुळाबाई म्हणाल्या. "येताना एक विळाही आणत नाही, तरी जाता. तिथून मालवण चार-पाच घंटे. मले एक डाव नेलं तर काय बिघडते?"

पुंजाजींनी चहा बशीत ओतला आणि पिऊन टाकला.

खरं कारण मंजुळाबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गावात बदलून आलेल्या नर्स सिंधूताई शेजारी राहायच्या. त्यांचा मुलगा दसऱ्याला मालवण फिरून आला आणि मोबाइलवर व्हिडिओ दाखवत बसला. होड्या, किल्ला, आणि मुक्कामाच्या घराच्या ओसरीवर पाहुण्यांना वाढणारी एक बाई. तिचा चेहरा नीट दिसला नाही. पण "घ्या ना अजून, लाजून काऊन राह्यले?" असं ती हसत म्हणाली, आणि मंजुळाबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं.

तो पुष्पांजलीचा आवाज होता. त्यांच्या लेकीचा. नऊ वर्षांनी कानावर पडलेला.

पुण्यात नोकरी करताना पुष्पांजलीनं घरी न विचारता कोकणातल्या एका मच्छीमाराच्या मुलाशी लग्न केलं होतं. तेव्हा पुंजाजींनी भर ओट्यावर, भावकीसमोर सांगितलं होतं, "आजपासून माह्यी पोरगी मेली. तिचं नाव काढलं त्यानं माह्या घराची पायरी चढू नये." शब्दाचा पक्का माणूस. नऊ वर्षांत घरात ते नाव निघालं नाही. मंजुळाबाईंनीही काढलं नाही, आणि आता त्यांना राग येत होता तो स्वतःचाच.

त्यांनी पुतण्याला, दीपकला, मळ्यात गाठलं. "सिंधूताईचा पोरगा मालवणात राह्यला, त्या घरात दोन माणसांची सोय कर. तीन दिवस. तुह्या दोस्ताच्या नावानं. आम्ही येऊन राह्यलो हे सांगू नको." आधी फोन केला आणि पोरीनं नको म्हटलं तर? तेवढी संधी त्यांना तिला द्यायचीच नव्हती.

बॅग भरताना त्यांनी कुरडया घेतल्या, हातानं वळलेले गव्हाचे सरगुंडे घेतले, जवसाची चटणी डब्यात दाबून भरली.

"तीन दिवसांले एवढं?" पुंजाजींनी विचारलं.

"समुद्राच्या हवेनं भूक लागते म्हणे."

एक गोष्ट त्यांनी मनाशी पक्की केली होती. दारातून पुंजाजी मागे फिरले तर त्यांनी एकट्यानं फिरावं. आपण आत जायचं. मग पुढचं आयुष्य कुठंही जावो.

मेहकरहून पुणं, पुण्याहून कोल्हापूर. कोल्हापूर सुटून घाट लागला, तसे पुंजाजी गमछ्यानं सारखं तोंड पुसायला लागले.

"अजूनही परत जाता येते, मंजुळे."

"जाता येते तर जा तुम्ही. मी चालली."

मालवणच्या स्टँडवर मंजुळाबाईंनी स्वतःच रिक्षा ठरवली. "सावली न्याहारी निवास. बंदराच्या पल्याड."

पुंजाजींनी झटक्यात मान वळवली. "हे नाव तुले कोणं सांगतलं?"

मंजुळाबाईंनी बॅग जवळ ओढली. म्हणजे ह्यांच्याही कानावर आलं होतं तर. म्हणूनच अलिबाग, म्हणूनच गणपतीपुळे.

"दीपकनं," त्या म्हणाल्या. "अन् आता तिथंच उतरायचं."

"थांब जरा. मले तुले काही सांगायचं आहे."

"नऊ वर्षं ऐकलं तुमचं. आता घरी गेल्यावर सांगा."

रिक्षा माडांच्या मधल्या वाटेनं गेली आणि एका फाटकापाशी थांबली. घराच्या मागेच समुद्र होता. मंजुळाबाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या खाली उतरल्या, बॅग घेतली आणि नवऱ्याच्या समोर उभ्या राहिल्या.

"या घरात माह्यी पोरगी आहे. तुमच्यासाठी मेली असन, माह्यासाठी नाही. यायचं तर या. नाही तर रिक्षा उभीच आहे."

पुंजाजी खाली मान घालून फाटकापर्यंत आले.

मंजुळाबाईंनी फाटक ढकललं. अंगणात पाचेक वर्षांची एक मुलगी शिंपल्या मांडून बसली होती. तेच कपाळ, तीच हनुवटी. मंजुळाबाईंच्या हातून बॅग सुटली. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

मुलगी उठून पळत आली. त्यांच्या बाजूनं तशीच पुढे गेली, फाटकातल्या पुंजाजींच्या पायांना तिनं मिठी मारली आणि वर बघत म्हणाली, "आबा, ह्या वेळी तरी दोन दिवसांत पळून जायचं नाही हां!"