दिवा चालू राहू द्या

"घोड्यापासून सुरुवात कर," काका पुन्हा म्हणाले.

तिला घोडा नको होता. दिवा हवा होता, दूध हवं होतं, ताप हवा होता. तेही शुक्रवारच्या आत.

आइसलँडच्या मासेमारी बोटींवर काकांनी बावीस वर्षं स्वयंपाक केला होता. शहरात आइसलँडिक भाषा येणारे ते एकटेच. चष्मा पुसत ते म्हणाले, "बरं. दिवा म्हणजे लाम्पी. पण लावला, विझवला, की लाम्पा. आपल्या 'घोडा'ला 'ला' लागला की तो वाकून 'घोड्याला' होतो ना? तिकडे प्रत्येक नाम असं कूस बदलतं."

तिच्या मांडीवर ठकीसुद्धा तेच करत होती. तिला नुकतं चौथं लागलं होतं. "माऊ, चल ना," ती कुजबुजली.

"हिचे बाबा तिकडेच?" काकांनी विचारलं.

"हो, तिकडेच."

क्रियापदांवर मात्र काका चिडले. मी झोपते म्हणजे सेव, ती झोपते म्हणजे सेवुर. ही बाई 'सेव'ला हातच लावत नव्हती. ती झोपते, ती घाबरते, ती गाजर खात नाही. स्वतःबद्दल कधी बोलणार, असं त्यांनी विचारलं, तर म्हणाली, ते नंतर बघू.

"अगं, शुक्रवारी ऑफिसात दुभाष्या असेल की."

"दुभाष्याला ठकीचं काय कळणार, काका? मीच सांगायला हवं. चुकलं तर पोरीचे हाल होतील."

लाँड्रीत इस्त्री करताना ती प्रत्येक शर्टावर एक वाक्य म्हणायची. कॉलरला दिवा, बाहीला दूध. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "तुझी इस्त्री आधी परदेशी जाणार बघ." सगळ्या हसल्या. तीही हसली आणि एक बाही करपवली.

गुरुवारी तिने बॅग भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. ठकीचा निळा स्वेटर वर ठेवला, मग खाली, मग परत वर. ताप या शब्दाची रूपं पुन्हा विसरली होती. भाजी गॅसवर ठेवून ती काकांकडे पळाली, विचारून आली, तोवर भाजी लागली होती. ठकीने ती निमूट खाल्ली.

शुक्रवारी ऑफिसात टेबलापलीकडे एक उंच बाई आणि एक दाढीवाला माणूस बसले होते. दुभाष्या बोलायला लागला, तसं तिने हात वर करून त्याला थांबवलं. ठकीला मांडीवर घट्ट धरलं आणि एका दमात बोलायला सुरुवात केली.

ती अंधाराला घाबरते. दिवा चालू राहू द्या. ताप आला की ती गप्प होते, रडत नाही. दूध कोमट लागतं. गाजर लपवून द्या.

दोन ठिकाणी नाम वाकायचं राहिलं, तिचं तिलाच कळलं. उंच बाई वहीत भराभर लिहून घेत होती. दाढीवाला खाली बघत होता.

"झालं?" ऑफिसातल्या बाईंनी हळूच विचारलं.

तिने मान डोलावली. बाईंनी कागद पुढे केला. "सांभाळणाऱ्या मावशींनी डावीकडे सही करायची. नव्या आईबाबांनी उजवीकडे."

माऊने डावीकडे सही केली आणि पेन समोरच्या उंच बाईकडे सरकवलं.